भाचीला अमेरिकेतल्या दोन शेजारच्या कॉलेजांत प्रवेश मिळालाय : ब्रिन मॉर की हॅवरफर्ड?

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी. इथं परदेशात शिकलेले, शिकवणारे, लेकरं तिकडं असलेले बरेच सभासद आहेत, म्हणून विचारतोय.

माझी भाची धाराशिव जिल्ह्यातली, तेरजवळच्या गावची. सहावीपासून नवोदयला होती. यंदा कला शाखेतून बारावी दिली. तिला पेनसिल्व्हेनियातल्या दोन कॉलेजांत चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळालाय. एक ब्रिन मॉर, दुसरं हॅवरफर्ड. दोन्ही फिलाडेल्फियाच्या उपनगरात, एकमेकांपासून दीड-दोन किलोमीटरवर. दोन्हीकडून मोठी मदत मंजूर आहे. घरून भरायची रक्कम दोन्ही पत्रांत थोडी वेगळी दिसते, पण दाजींना ओढूनताणून झेपेल इतपतच आहे. १ मेपर्यंत एका ठिकाणी होकार कळवायचाय.

पोरीला पुरातत्त्व शिकायचंय. तेरचं लामतुरे संग्रहालय तिनं लहानपणापासून इतक्यांदा पाहिलंय की कुठल्या कपाटात काय आहे ते पाठ आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात आपल्या तेरचा उल्लेख ‘तगर’ म्हणून येतो, तिथून माल भडोचच्या बंदरात जायचा, हे तिनं आठवीत कुठंतरी वाचलं आणि तेव्हापासून हाच नाद. तेरला सापडलेली हस्तिदंती बाहुली आणि इटलीत पॉम्पेईला सापडलेली हस्तिदंती मूर्ती यांच्यातलं साम्य ती घरात येणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगते.

आता पेच. ब्रिन मॉर हे फक्त मुलींचं कॉलेज आहे. हॅवरफर्ड मुलामुलींचं. दाजी म्हणतात, “मुलींचंच घ्या, घोर नाही.” भाची म्हणते, “याच कारणासाठी पाठवणार असाल तर मी दुसरीकडं जाते.” आठ दिवस झाले घरात धड बोलणं नाही. दाजींनी मला मध्ये घातलंय. त्यांनी पोरीसाठी जे केलंय ते मी डोळ्यानं पाहिलंय, त्यामुळं त्यांना गप्प बसवणं हा माझा हेतू नाही. मला दोन्ही कॉलेजांतला खरा फरक समजून घ्यायचाय.

लातूरवाला

सर, राग मानू नका, मोकळेपणानं लिहितो. अमेरिकेला जाऊन बीए? आपल्या भागातलं लेकरू इतक्या दूर जाणार तर हाताला काही लागेल असं शिकलं पाहिजे. माझी दोन्ही मुलं लातूरलाच शिकली, नीट दिली, एक डॉक्टर झाला, दुसरा फार्मसीला आहे. पुरातत्त्वच करायचं असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज या विषयात देशात नावाजलेलं आहे. दाजींनी शेतीवर घर चालवायचं आणि चार वर्षांनी पोरगी पदवी घेऊन परत आली तर पुढं काय? कॉलेज कुठलं, हा प्रश्न मला तरी दुसरा वाटतो. जायचं की नाही, हा पहिला.

तेरणाकाठ

दादा, राग कसला. घरातही हेच सगळ्यांनी विचारलं. डेक्कन कॉलेजचं नाव तिच्याही यादीत आहे, पण तिथं पुरातत्त्व एमएपासून पुढं आहे. त्याआधी पदवी कुठंतरी करावीच लागणार. आणि मदत धरून तिकडचा जो खर्च घरावर पडतोय, तो पुण्यात खोली घेऊन, मेस लावून तीन वर्षं राहण्याच्या खर्चापेक्षा फार वेगळा नाही. जायचं हे ठरलंय. कुठं, तेवढं राहिलंय.

खुलताबादची

मामा, मी ब्रिन मॉरची. गणित घेऊन पदवी केली, आता फिलाडेल्फियातच नोकरी करते. जरा लांबलचक लिहिते, कारण दाजींच्या मनात जे आहे तेच माझ्या वडिलांच्या मनात होतं.

आपल्याकडं मुलींचं कॉलेज म्हटलं की काय डोळ्यापुढं येतं? संध्याकाळी फाटक बंद. रजिस्टरवर सही. घरून फोन आल्याशिवाय गावाला जायची परवानगी नाही. ब्रिन मॉरला यातलं काहीही नाही. वॉर्डन नाही, फाटकाची वेळ नाही. तुम्ही रात्री दोनला ग्रंथालयातून परत या, शनिवारी आगगाडी पकडून शहरात जा, कुणी विचारत नाही. १८९२ पासून तिथं विद्यार्थिनींची स्वशासन संघटना आहे, वसतिगृहात कसं राहायचं याचे नियम त्या स्वतः करतात. हॅवरफर्डची मुलं रोज वर्गात शेजारी बसलेली असतात, मेसमध्ये जेवायला येतात. म्हणजे दाजींना जो बंदोबस्त हवाय तो ब्रिन मॉरला मिळणार नाही. हे त्यांना आत्ताच स्पष्ट सांगा. चार महिन्यांनी व्हिडिओ कॉलवर कळलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल आणि पोरीचं तिथलं पहिलं वर्ष त्यातच जाईल.

दुसरी गोष्ट, जी बाहेरच्याला चटकन कळत नाही. ही दोन कॉलेजं कागदावर वेगळी आहेत, पण शिकायच्या बाबतीत जवळजवळ एकत्र चालतात. दोघांच्या मध्ये दिवसभर ब्लू बस फिरते, तिकीट नाही. कुठल्याही कॉलेजचा विद्यार्थी दुसरीकडचा विषय घेऊ शकतो. नुसता एखादा तास नव्हे, पूर्ण मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, दुसऱ्या कॉलेजात करता येतं. काही विभाग एकाच ठिकाणी आहेत: खगोलशास्त्र, संगीत, धर्माभ्यास हॅवरफर्डला, भूगर्भशास्त्र, कलेतिहास, शहरांचा अभ्यास आणि तुमच्या भाचीचं पुरातत्त्व ब्रिन मॉरला. ग्रंथालयांची सूची एकच. स्वार्थमोर नावाचं तिसरं कॉलेजही थोड्या अंतरावर आहे, तिथलेही विषय घेता येतात, आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातलेसुद्धा.

म्हणजे तिनं हॅवरफर्ड निवडलं तरी पुरातत्त्व ती ब्रिन मॉरच्या त्याच वर्गात, त्याच प्राध्यापकांकडं शिकेल. विषयावरून निवड होऊ शकत नाही. निवडायचंय ते घर. पहिल्या वर्षाचा लेखनाचा वर्ग, सल्लागार, मदतीचं पत्र, वसतिगृह, पदवीवरचं नाव, हे सगळं आपापल्या कॉलेजचं असतं.

मग मुलींच्या कॉलेजात असं काय आहे? मी माझ्यापुरतं सांगते. मी संभाजीनगरला अकरावी-बारावीला होते तेव्हा शिकवणीत मागच्या दोन बाकांवर मुली बसायच्या, आणि सरांनी प्रश्न विचारला की पुढून उत्तर यायचं. ब्रिन मॉरला पहिल्याच आठवड्यात गणिताच्या वर्गात फळ्यापाशी उभं राहून सिद्धता चुकली म्हणून भांडणारी मुलगी, प्रयोगशाळेची किल्ली सांभाळणारी मुलगी, विद्यार्थी संघटनेचं अंदाजपत्रक मांडणारी मुलगी, सगळ्या मुलीच. तिथं कुणाला त्याचं अप्रूप नाही. माझ्यात जो फरक पडला तो तिथं पडला.

एमी नूथर ही विसाव्या शतकातली फार मोठी गणितज्ञ. ज्यू म्हणून १९३३ मध्ये जर्मनीतून तिची नोकरी गेली, तेव्हा ती ब्रिन मॉरला शिकवायला आली. १९३५ मध्ये गेली. तिच्या अस्थी जुन्या ग्रंथालयाच्या ओवऱ्यांमध्ये, चालायच्या वाटेखाली पुरलेल्या आहेत. मी परीक्षेच्या काळात त्याच ओवरीत बसून अभ्यास करायचे.

आणि एक. तिथं एकमेकींना मार्क सांगायचे नाहीत, विचारायचे नाहीत, असा संकेत आहे, आचारसंहितेचाच भाग. निकालाच्या दिवशी चौकाचौकात लेकरांच्या फोटोंचे आणि मार्कांचे फ्लेक्स लागतात अशा गावातून गेलेल्या मला ते पहिल्या सहामाहीत खोटंच वाटायचं. नंतर त्यामुळं जीव किती हलका होतो ते कळलं.

बीडची आई

मी काय शिकलेली नाही जास्त. पण एक सांगू का भाऊ, लेकरू सहावीपासून घराबाहेर राहिलंय. नवोदयचं हॉस्टेल म्हणजे काय खायचं काम नाही. त्या वयात आईला सोडून राहिलेल्या पोरीला आता घोर नाही म्हणून कुठं ठेवायचं, ह्याला अर्थच नाही. ती शहाणीच हाय. दाजींना म्हणावं, घोर कुठं बी राहणारच, माझी पोरगी अंबाजोगाईला शिकायला हाय तरी मला रातच्याला झोप येत नाही.

गोदातीर

मी नांदेडला इतिहास शिकवत होते, आता निवृत्त. खुलताबादची यांनी आतलं सांगितलं, मी थोडं मागचं सांगते. दाजींना कदाचित तेच पटेल.

ब्रिन मॉर १८८५ मध्ये सुरू झालं. आपल्या आनंदीबाई जोशी त्या वेळी फिलाडेल्फियातच होत्या, वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली, आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम तिथं गेल्या होत्या. त्या काळी अमेरिकेतही बहुतेक जुनी विद्यापीठं मुलींना घेत नव्हती. म्हणून मुलींसाठी वेगळी कॉलेजं निघाली, आणि ब्रिन मॉरनं पुढं जाऊन मुलींना पीएचडीपर्यंतचा रस्ता आपल्याच आवारात खुला केला. तेव्हा ‘मुलींचं कॉलेज’ या कल्पनेच्या मुळाशी मुलींना सांभाळणं नव्हतं, त्यांना जे नाकारलं जात होतं ते पूर्ण देणं होतं.

तिथं शिकलेल्या दोघींबद्दल दाजींना सांगा. एमिली बाल्च, पहिल्या तुकडीची विद्यार्थिनी, १९४६ चं शांततेचं नोबेल. पहिल्या वर्षाचे लेखनाचे वर्ग आजही तिथं तिच्याच नावानं चालतात. दुसरी जपानची त्सुदा उमेको. १८८९ ते १८९२ तिथं जीवशास्त्र शिकली, मायदेशी परतली आणि १९०० मध्ये तोक्योत मुलींच्या उच्च शिक्षणाची शाळा काढली. २०२४ पासून जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचं चित्र आहे. शिकून परत येऊन काय करणार, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर त्सुदाबाई.

आणि लातूरवाला यांना आदरपूर्वक: आपल्या भागाला शिकायला दूर जाण्याची सवय जुनी आहे. निजामाच्या राज्यात मराठवाड्यातली मुलं उच्च शिक्षणासाठी हैदराबादला उस्मानियात जायची, तिथं शिकवण्याची भाषा उर्दू. घरची भाषा मराठी, शिकणं उर्दूत आणि पुस्तकं इंग्रजी, अशा तीन भाषांत ती माणसं तयार झाली. मराठवाडा विद्यापीठ निघालं १९५८ मध्ये. तोवर दूर जाण्यावाचून इलाज नव्हता, आणि गेलेल्यांतल्या कितीतरी जणांनी परत येऊन इथं शाळा-कॉलेजं काढली.

ह्यूस्टनचा परभणीकर

हॅवरफर्डच्या बाजूनं कुणीतरी बोललं पाहिजे. माझा धाकटा तिथून बाहेर पडला.

हॅवरफर्ड १८३३ चं, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी काढलेलं. १९८० पर्यंत मुलांचं कॉलेज होतं, त्या वर्षी पहिल्या वर्षाला मुली घ्यायला लागले. आज तिथं धर्माची सक्ती अजिबात नाही, पण क्वेकरांची एक रीत टिकलीय. निर्णय मतदानानं रेटायचा नाही, बसून बोलत राहायचं, सगळ्यांना पटेल असं काही निघेपर्यंत. विद्यार्थ्यांची आचारसंहिता दरवर्षी नव्यानं मंजूर करावी लागते, त्यासाठी सगळे विद्यार्थी एका मोठ्या सभेत जमतात. कोरम भरला नाही तर सभाच होत नाही. पोरगा पहिल्या वर्षी फोनवर तासभर त्याच सभेबद्दल बोलत होता.

परीक्षेचं ऐका. वर्गात पर्यवेक्षक नाही. सहामाही परीक्षेची वेळ विद्यार्थ्यानं ठरवायची, पेपर घ्यायचा, बसून सोडवायचा, परत द्यायचा. ब्रिन मॉरलाही हीच पद्धत. आपल्याकडं बारावीला कॉपीमुक्त अभियान, भरारी पथकं, केंद्राबाहेर पोलीस, हे सगळं पाहून गेलेल्या मुलाला एका रिकाम्या खोलीत पेपर देऊन ‘तुझ्यावर विश्वास आहे’ म्हणतात तेव्हा काय होतं ते मी त्याच्या आवाजात ऐकलंय. त्यानं मला सांगितलं की त्या दिवशी त्याला स्वतःबद्दल पहिल्यांदा जबाबदार वाटलं.

हॅवरफर्डचं माझ्या मते सगळ्यात मोठं बलस्थान: पदवीच्या शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. विषय कुठलाही असो. एक प्राध्यापक, एक विद्यार्थी, वर्षभराचं काम. पुढं संशोधनात जायचं असेल तर याच्याइतकी तयारी दुसरी नाही. शिवाय पहिल्या वर्षाच्या मुलांना लहान गटात, वरच्या वर्गातल्या मुलांच्या सोबतीनं राहायला देतात. एकटं पडणाऱ्या लेकराला त्याचा फार आधार होतो.

आवार म्हणजे वृक्षोद्यानच आहे, सुमारे २०० एकर. आणि एक गंमत दाजींना आवडेल: अमेरिकेत असूनही हॅवरफर्डचा क्रिकेटचा संघ आहे, एकोणिसाव्या शतकापासून, आणि क्रिकेटच्या पुस्तकांचं वेगळं ग्रंथालय आहे. मुलं-मुली दोघं खेळू शकतात. भाचीला चेंडू टाकता येतो का?

मुलींच्या कॉलेजाबद्दल वर जे लिहिलंय ते मला मान्य आहे. पण नवोदयमध्ये सात वर्षं मुलांबरोबर शिकलेल्या मुलीला मिश्र कॉलेजात बुजल्यासारखं होईल असंही समजू नये.

हिशेबाची वही

आता पैशाचं बोलू. पत्र नीट वाचलं नाही तर दुसऱ्या वर्षी डोळे पांढरे होतात.

दोन्ही कॉलेजांचा वर्षाचा पूर्ण खर्च ८५ हजार डॉलरच्या वर आहे. त्या आकड्याकडं बघायचंच नाही. दोन्ही पत्रं शेजारी ठेवा आणि चारच गोष्टी लिहून काढा. परत न करायचं अनुदान किती. विद्यार्थ्यानं आवारात काम करून मिळवायचे म्हणून धरलेले किती, कारण ते आधी हातात येत नाहीत, काम करेल तसे मिळतात, आणि विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. आरोग्यविमा खर्चात धरलाय की बाहेर ठेवलाय. विमानभाडं धरलंय की नाही. बहुतेक वेळा दोन पत्रांतला फरक विमा आणि भाड्यातच दडलेला असतो.

मग करविषयक एक गोष्ट, जी लोकांना फार उशिरा कळते. शुल्कापुरतं अनुदान करमुक्त असतं. पण राहणं-जेवणापोटी जे अनुदान मिळतं त्यावर अमेरिकेचं सरकार परदेशी विद्यार्थ्याकडून कर घेतं, आणि कॉलेज साधारण १४ टक्के आधीच कापतं किंवा बिलात लावतं. समजा राहण्या-जेवणाचं अनुदान २० हजार डॉलर, तर २,८०० डॉलर. भारत-अमेरिका कर-करारातल्या २१व्या कलमामुळं भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळं पुढच्या वर्षी विवरणपत्र भरलं की त्यातला बराचसा भाग परत येतो. पण आधी रोख लागते. दोन्ही कार्यालयांना मेल करून विचारा: हा कर बिलात कधी लागतो, हप्ते पाडून मिळतात का.

आणखी तीन प्रश्न त्याच मेलमध्ये टाका. अनुदान चारही वर्षं राहील का, दरवर्षी कागद पुन्हा द्यावे लागतात का. शुल्क वाढलं तर अनुदान त्या प्रमाणात वाढतं का. हिवाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह उघडं असतं का, जेवणाचं काय. कारण डिसेंबरात मूल भारतात येणार नाही, भाडं परवडत नाही.

दाजी शेतकरी आहेत म्हणून सांगतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळं विवरणपत्र नाही, आणि तिकडच्या माणसाला ते कळत नाही. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, बाजार समितीच्या पट्ट्या, बँकेचं पासबुक, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून एका फाईलमध्ये ठेवा. पहिल्या वर्षी दिलं असेलच, पण पुढच्या वर्षी सोयाबीन गेलं, पाऊस झाला नाही, तर उत्पन्न घटल्याचा अर्ज करता येतो आणि तेव्हा हीच फाईल लागते.

राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीची वाट बघू नका. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, पदवीला नाही. पुढं एमएच्या वेळी मात्र पात्रता बसत असेल तर जरूर बघा.

लातूरवाला

हिशेबाची वही, इतकं व्यवस्थित कुणी सांगत नाही, आभार. माझा एक प्रश्न उरतो. पदवीनंतर तिला तिकडं काम करता येतं का? की लगेच परत?

खुलताबादची

दादा, विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर १२ महिने आपल्या विषयाशी संबंधित काम करता येतं. गणित, संगणक, विज्ञान अशा विषयांना आणखी २४ महिने मिळतात. पुरातत्त्वाला ते मिळतीलच असं धरू नका. पण दोन मेजर करणारे तिथं पुष्कळ असतात. चार वर्षांत ३२ विषय घ्यायचे असतात आणि मेजर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जाहीर करायचं असतं. तोपर्यंत तिनं भूगर्भशास्त्र, संख्याशास्त्र, नकाशांचं संगणकीय काम घेऊन बघावं. आजच्या पुरातत्त्वाला हे सगळं लागतंच, आणि पोटापाण्यालाही उपयोगी पडतं.

आष्टीचा माणूस

मांसाहार-शाकाहार, जेवणाचं काय असतं हो? आमच्या इथून एक पोरगं कॅनडाला गेलं ते नुसत्या ब्रेडवर राहिलं वर्षभर.

खुलताबादची

दोन्हीकडं रोज शाकाहारी जेवण असतं, आणि एका कॉलेजच्या मुलांना दुसऱ्याच्या मेसमध्ये जेवता येतं. भात-डाळ कधीतरीच. तिखट-मीठ सोबत नेलं की भागतं. घरचं काळं तिखट नीट सीलबंद करून द्या, सामानात शेंगदाण्याची चटणी द्या, पहिले दोन महिने तेवढंच लागतं.

तेरणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इकडं काय झालं ते सांगतो.

परवा भाचीला आणि दाजींना समोर बसवून हा धागा सुरुवातीपासून वाचून दाखवला. वॉर्डन नाही, फाटक नाही, मुलं वर्गात असतात, हे आलं तेव्हा दाजी उठून बाहेर ओट्यावर गेले. मी थांबलो. पाण्याचा तांब्या घेऊन परत आले आणि म्हणाले, पुढं वाच. त्सुदाबाईंचा मजकूर दोनदा वाचायला लावला. अस्थींची गोष्ट ऐकून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

सगळं वाचून झाल्यावर दाजींनी भाचीला विचारलं, “सुरक्षिततेचं राहू दे, तुला स्वतःला कुठं जायचंय?” त्यांनी हे असं सरळ विचारलं, यातच माझं काम झालं.

तिनं दोन दिवस मागून घेतले. दोन्ही कार्यालयांना हिशेबाची वही यांनी सांगितलेले प्रश्न पाठवले, दोन्हीकडून सविस्तर उत्तरं आली. एका पत्रात विमा धरलेला होता, दुसऱ्यात नव्हता. तो मिळवल्यावर दोन्ही रकमा जवळपास सारख्या निघाल्या. म्हणजे पैशानं निवड सुटली नाही. मग तिनं दोन्ही कॉलेजांतल्या पुरातत्त्व करणाऱ्या मुलींशी व्हिडिओवर बोलून घेतलं, एक हॅवरफर्डची, एक ब्रिन मॉरची.

तिनं ब्रिन मॉर निवडलंय. कारण तिच्याच शब्दांत सांगतो. “पुरातत्त्वाची पुस्तकं, नकाशे, प्राचीन मडक्यांचा संग्रह सगळा ब्रिन मॉरच्या आवारात आहे. कारपेंटर ग्रंथालय माझ्या खोलीपासून पाच मिनिटांवर असेल. मी हॅवरफर्डला राहिले तर दिवस तिथंच काढीन आणि रात्री बसची वेळ बघून उठावं लागेल. मला बसची वेळ बघायची नाही.” शिवाय पीएचडी करणारे विद्यार्थी त्या विभागात असतात, त्यांच्या खोदकामाच्या चर्चेत बसायला मिळतं, हे तिला त्या मुलीनं सांगितलं. हॅवरफर्डची सभा आणि प्रबंध तिला फार आवडला होता. प्रबंध इकडंही विभागात लिहिता येतोच, म्हणते. क्रिकेट खेळायला मात्र ब्लू बसनं जाणार आहे. परभणीकर, चेंडू टाकता येतो, नवोदयच्या संघात होती.

दाजींनी एकच अट घातली: आठवड्यातून एकदा ताईला फोन, स्वतःहून.

ह्यूस्टनचा परभणीकर

उत्तम झालं. हॅवरफर्ड हुकलं याचं मला वाईट नाही, निम्मा आठवडा तिथंच दिसेल ती.

हिशेबाची वही

अभिनंदन. आता कामाला लागा. होकार कळवला की कॉलेज आय-ट्वेंटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारं प्रवेशाचं प्रमाणपत्र, पाठवेल, पासपोर्टवरचं नाव आणि नवोदयच्या दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते आजच तपासा. आपल्याकडं वडिलांचं नाव मध्ये की शेवटी, यावरून घोळ होतो. सेविस, म्हणजे अमेरिकी सरकारची परदेशी विद्यार्थ्यांची नोंदणी, तिचं शुल्क ३५० डॉलर आहे, ते व्हिसाच्या शुल्काहून वेगळं, आणि मुलाखतीच्या आधी भरलेलं लागतं. मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून आय-ट्वेंटी हातात पडताच त्याच दिवशी तारखेला लागा. मुलाखतीत ‘ब्रिन मॉरच का’ विचारलं तर तिनं वर सांगितलेलं कारण तसंच सांगावं.

खुलताबादची

मामा, खूप आनंद झाला. ऑगस्टमध्ये विमानतळावर मी येते, काळजी करू नका. गाडीत तिला एर्डमन हॉल दाखवीन, ते वसतिगृह लुई कान यांनी बांधलंय, ज्यांनी अहमदाबादचं आयआयएम बांधलं. तिला विटा आणि दगड दोन्ही वाचता येतील.

एक काम तेवढं विसरू नका. ब्रिन मॉरला होकार दिला की हॅवरफर्डच्या पोर्टलवर जाऊन नकारही त्याच दिवशी नोंदवायला सांगा. तिच्या जागेवर आणि तिच्या अनुदानावर प्रतीक्षा यादीतलं दुसरं कुणीतरी मूल थांबलेलं असतं, आणि १ मेच्या आधी कळलं तर त्याला विचारता येतं.